पान काळें कां होतें?

कोल्हापुराहून एका भगिनींनीं विचारलें आहे कीं, मामंजींचें वाचनयंत्र पान उलटतांना क्षणभर सबंध काळें होतें. हा बिघाड समजावा काय? दुकानदारानें तर नवें घेण्याचा सल्ला दिला. करवीर नगर वाचन मंदिर ज्या नगरास १८५० सालापासून ग्रंथ पुरवीत आलें आहे, तेथील घरांतही हें यंत्र आतां परकें राहिलेलें नाहीं. २०१६ सालापासून किंडलवर मराठी पुस्तकें रीतसर मिळूं लागलीं. तेव्हां उत्तर थोडें विस्तारानें देतों.

हा बिघाड नव्हे, हें प्रथमच सांगून टाकतों.

या पडद्यांत अति सूक्ष्म कुप्या असून प्रत्येकींत स्वच्छ द्रवामध्यें पांढरे व काळे कण तरंगत असतात. दोहोंवरील विद्युद्भार परस्परविरुद्ध. म्हणून विजेचा दाब फिरेल त्याप्रमाणें एक रंग वर येतो व दुसरा तळाशीं जातो. वर आलेले कण वीज बंद केली तरी जागचे हलत नाहींत. मामंजी एकच पान तासभर वाचीत बसले तरी तें टिकविण्यास वीज लागत नाहीं, तें यामुळेंच. परंतु हे कण मोठे आळशी! साधा पडदा सेकंदांत साठ वेळां नवें चित्र दाखवितो. येथें एका पानास अर्धा-पाऊण सेकंदही लागतो. शिवाय मागल्या पानाची पुसट छाया राहून जाते. ती घालविण्यासाठीं सर्व कण एकदां पूर्ण काळ्या व पूर्ण पांढऱ्या टोकास नेऊन आणावे लागतात. पाटी पुसल्यावांचून मुलें नवा पाढा लिहीत नाहींत, तसेंच हें.

खरी गंमत पडद्यामागें आहे. संगणकांतील प्रोग्राम पडद्यास ओळखत नाहीं. 'फ्रेमबफर' नांवाच्या स्मृतीच्या तुकड्यांत ठिपके लिहिले कीं आपलें काम झालें, असें तो समजतो. साध्या पडद्यासाठीं तो तुकडा अखंड वाचला जातो. या आळशी कागदास तें झेपणारें नाहीं. मग कांहीं लिहिलें गेलें हें कळावें कसें? लिनक्स या मुक्त प्रणालीसाठीं जया कुमार यांनीं २००८ सालीं 'मेट्रोनोम' नियंत्रकाचा जो ड्रायव्हर, म्हणजे पडद्याशीं बोलणारा दुभाषी, लिहिला, त्यांत याची युक्ति आहे. आजीबाई कोठीच्या खोलीस कुलूप घालतात, तसें स्मृतीच्या प्रत्येक कप्प्यास कुलूप असतें. कोणी पहिला ठिपका लिहूं गेला कीं तो अडतो. कप्प्याची नोंद होते व कुलूप निघतें. मग ड्रायव्हर लगेच धांवत सुटत नाहीं, सुमारें एक सेकंद थांबतो. मोहरी आठवली म्हणून मुलास महाद्वार रोडवर पिटाळावें, तो परतला कीं हिंग आठवावा, असा कारभार एकत्र कुटुंबांत चालत नाहीं. यादी पुरी होऊं द्यावी लागते. वेळ भरली कीं नोंदलेले तेवढेच कप्पे पुढें धाडावयाचे, आणि प्रत्येकाची जुनी बेरीज एकूण बेरजेंतून वजा करून नवी मिळवावयाची. अक्षर कोणतें, भाषा कोणती, हें त्यास ठाऊक नसतें. मराठी जोडाक्षरें तुटलेलीं दिसलीं तर दोष वरच्या प्रोग्रामचा किंवा फाँटचा. ड्रायव्हरास बोल लावूं नये.

हें सारें उघड लिहिलेलें आहे, कोणींही वाचावें. एक वस्तु मात्र त्यांत नाहीं. कोणत्या करड्या छटेवरून कोणत्या छटेवर जाण्यास किती वेळ कसा दाब द्यावा, याचें कोष्टक लागतें. तें तपमानाप्रमाणें बदलतें, कारण माघांतल्या पहाटे पन्हाळ्यावर हे कण जसे जड चालतात, तसे चैत्रांतल्या दुपारीं चालत नाहींत. हें कोष्टक वेगळी फाईल म्हणून बाहेरून आणावें लागतें. ती नसेल तर उत्तम ड्रायव्हरही मुका. ज्यानें पडद्याचे पैसे मोजले त्याच्या हातीं तें कोष्टकही पडलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. यंत्र जुनें झालें व कारखानदारानें लक्ष काढून घेतलें, तरी घरांतल्या एखाद्या होतकरू मुलास तें पुन्हां चालवितां यावें.

आमच्या भगिनींनीं यंत्र टाकूं नये. काळें होणें मामंजींस खुपत असेल, तर बहुतेक यंत्रांच्या सेटिंग्जमध्यें दर पानास पडदा ताजा करण्याची सोय असते, ती बंद करावी. मग हा प्रकार कांहीं पानांनंतर एकदांच होईल. मधल्या पानांवर थोडी छाया दिसेल, इतकेंच.