क्रॉयडनच्या दोन सीड्या

गेल्या विकांताला हार्ड डिस्क आवरायला बसलो. 'इतर' नावाच्या फोल्डरात आणखी एक 'इतर', त्याच्या पोटात 'जुनं', आणि त्यात 'क्रॉयडन'. (हापिसात दुसऱ्यांना फाइलींची नावं नीट द्या म्हणून सांगणाऱ्या माणसाचं घरचं हे असं.) उघडलं तर आर्ट पेपर या सॅक्सोफोनवाल्याची १४ मे १९८१ ची मैफल.

२००७ साली मी ऑनसाईट होतो. घरी सांगितलं होतं लंडन, प्रत्यक्षात क्रॉयडन. ईस्ट क्रॉयडन स्टेशनजवळ चौघांत एक फ्लॅट, आठवड्याच्या भाज्या रविवारी करून फ्रीजमध्ये टाकायच्या. टीममध्ये पन्नाशीचा एक इंग्रज होता, कोबॉलवाला. एका शुक्रवारी त्याने मार्करने तारीख लिहिलेल्या दोन सीड्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, तू राहतोस त्याच गावात हे वाजलंय, ऐक. जॅझ म्हणजे मला तोवर हिंदी गाण्यांतला ट्रम्पेट (तो वाजवणारे बरेचसे आपले गोवेकर होते, हेही नंतर कळलं). त्या रात्री कळलं फारसं काही नाही, पण सकाळी ट्रेनमध्ये पुन्हा तेच लावलं. मग व्यसनच लागलं. पुढच्या तीन-चार वर्षांत टोरेंटवरून चाळीसेक जीबी जॅझ उतरवून घेतलं, सगळं चकटफू, सगळं बूटलेग. बूटलेग म्हणजे कलावंताच्या परवानगीशिवाय फिरणारं ध्वनिमुद्रण. कुणी कोटात टेपरेकॉर्डर लपवून केलेलं, कुणी रेडिओवरून उचललेलं, कुणी थिएटरच्या मिक्सरमधून थेट घेतलेलं.

आता गंमत अशी की आर्ट पेपरच्या बायकोने, लॉरी पेपरने, हीच मैफल २००० च्या दशकात रीतसर विकायला काढली. तिच्या कंपनीचं नाव 'विडोज टेस्ट', म्हणजे विधवेची आवड! नवरा १९८२ साली गेला. त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत जपानपासून इंग्लंडपर्यंत त्याचे दौरे झाले आणि त्या मैफलींच्या टेपा जगभर फिरत राहिल्या. तिने त्यांतल्या निवडक मैफली एकेक करून बाहेर काढल्या, आधी सीडीवर आणि मग बँडकॅम्पवर डाउनलोड म्हणून. पहिला संच होता जपानमधल्या अबाशिरीचा, नोव्हेंबर १९८१ चा. अबाशिरी तिथल्या तुरुंगासाठी प्रसिद्ध आहे, आणि पेपरने स्वतः हेरॉइनपायी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात दिवस काढलेले. हे लक्षात आल्यावर मी ते मुखपृष्ठ जरा जास्तच वेळ बघत बसलो होतो.

हे सगळं मला गेली कित्येक वर्षं माहीत होतं. तरी विकत घेतलं नव्हतं. कारण सोपं: आपल्याकडे आहे की!

माझ्या ओळखीतले बरेच जण वारसांवर चिडतात. त्यांचं म्हणणं असं, की टेप चाहत्याने केली, जपली चाहत्याने, साफसूफ केली चाहत्याने, आणि आता बायका-मुलं येऊन त्यावर दुकान थाटतात. आमच्या पेशात तर हे फारच पटतं. मी हापिसात लिहिलेला कोड कंपनीचा. मी मेल्यावर माझ्या मुलीला त्याचे पैसे येणार नाहीत. मग सॅक्सोफोनवाल्याच्या बायकोलाच का?

मलाही हे पटायचं. आता पटत नाही. मला कोडचा पगार मिळतो, पीएफ मिळतो, आणि कोड कंपनीचा राहील या कागदावर मी सही केलेली आहे. वादकाला पैसे मिळतात ते त्या एका रात्री समोर बसलेल्या लोकांसमोर वाजवण्याचे. तिसऱ्या रांगेतल्या कोटातल्या टेपरेकॉर्डरचे नाहीत. त्या टेपवर त्याने कधीच सही केलेली नसते.

आणि 'वारस' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सातबारावर नाव चढवून बसलेला पुतण्या येतो. लॉरी पेपर तशी नाही. व्यसनमुक्तीच्या संस्थेत दोघं भेटली. तिने त्याला बोलतं केलं, ते टेपवर घेतलं, आणि त्यातून १९७९ साली 'स्ट्रेट लाइफ' हे त्याचं आत्मचरित्र उभं राहिलं. शेवटच्या दौऱ्यांत ती बरोबर होती. कुठल्या रात्री तो कसा वाजला हे तिला ठाऊक असणार, माझ्या टोरेंटला नाही.

चार्ल्स मिंगसची बायको स्यू मिंगस याहून खमकी. बूटलेगवर तिचा असा राग, की दुकानात शिरायचं, नवऱ्याच्या चोरट्या रेकॉर्डी उचलायच्या आणि पैसे न देता सरळ बाहेर पडायचं. पॅरिसच्या एका मोठ्या दुकानातही तिने हा प्रकार केला. मग १९९६ साली तिने चोरांचाच माल घेतला, एप्रिल १९६४ च्या पॅरिसच्या मैफलींचा, आणि स्वतःच्या कंपनीतर्फे विकायला ठेवला. नाव काय, तर 'रिव्हेंज'! त्या दौऱ्यात एरिक डॉल्फी होता, आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत तो बर्लिनमध्ये गेला. म्हणजे या टेपा चोरीच्या असल्या तरी त्यांची किंमत काय ते कुणी सांगायला नको. (मिंगसने स्वतःही साठच्या दशकात कंपन्यांना कंटाळून टपालाने रेकॉर्डी विकून पाहिल्या होत्या. डाउनलोडचं दुकान त्याला नक्की आवडलं असतं.)

कायद्याचं म्हणाल तर तो वारसांना फार मदत करतो असं नाही. अमेरिकेत बूटलेगविरुद्धची देशव्यापी तरतूद आली १९९४ साली. युरोपात ध्वनिमुद्रणांचं संरक्षण ५० वर्षांचं होतं. २०११ च्या निर्देशाने ते ७० केलं, पण १९६२ पर्यंतची मुद्रणं तोवर सुटली होती. म्हणून माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेनच्या १९६० च्या युरोप दौऱ्याच्या मैफली तिथे कुणीही छापून विकत होतं. अशा वेळी वारसाच्या हातात उरतं काय? चोरापेक्षा चांगला माल काढणं, बस्स.

मला खरी अडचण वाटते ती वेगळीच. खुद्द कलावंताला ते लोकांनी ऐकायला हवं होतं का? बिल इव्हान्सला एक चाहता १९६६ पासून जवळजवळ दहा वर्षं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये गुपचूप टेप करत होता. इव्हान्स १९८० साली गेला, आणि १९९६ मध्ये ते आठ सीड्यांच्या पेटीतून बाहेर आलं. मी ती पेटी कितीतरी वेळा ऐकली आहे. आणि दरवेळी मनात येतं, की हा माणूस पियानोवर वाकलाय आणि त्याला माहीतच नाही.

याची चुणूक मला घरीच मिळाली. आमच्या मामाला खासगी मैफली टेप करायचा नाद होता. गायकाला विचारून करायचा, 'फक्त माझ्यापुरतं' असा शब्द देऊन. आपल्या कॉपीराइट कायद्यातही स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या मुद्रणाला मुभा आहे. मामा गेल्यावर मी त्या कॅसेटी संगणकावर घेतल्या आणि मोठ्या उत्साहाने मित्रांना वाटल्या. वर्षभरात त्यांतली एक यूट्यूबवर दिसली. मग एक दिवस फोन आला, त्या गायकांच्या मुलाचा. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, "अहो, त्या दिवशी बाबांना ताप होता. गाणं झाल्यावर ते तुमच्या मामांना म्हणाले होते की हे कुणाला ऐकवू नका. आज लोक तेच ऐकून म्हणतात, उतारवयात आवाज गेला होता."

मी कलेच्या प्रसाराबद्दल काहीतरी बोललो. ते काय बोललो हे आता आठवलं तरी कानकोंडं होतं.

तेव्हा माझं मत असं, की मेलेल्या माणसाच्या वतीने 'ही रात्र द्या, ती नको' हे कुणीतरी ठरवायचंच असेल, तर ते मी ठरवण्यापेक्षा घरच्यांनी ठरवावं. चुकतील, पैशासाठी वाईट रात्रीही काढतील. काढू देत. निदान जबाबदार कोण ते तरी कळेल.

पण मग वारसांनीही टेप करणाऱ्याला चोर म्हणून दाराबाहेर ठेवू नये. तारीख, गाव, साथीला कोण आणि टेप कुठून आली, हे सगळं छापावं, आणि त्याचं नाव सांगून आभार मानावेत. डीन बेनेडेट्टी चार्ली पार्करमागे यंत्र घेऊन हिंडला नसता, तर १९४७-४८ च्या त्या रात्री कुठल्या राहायला? (पठ्ठ्या इतका एकनिष्ठ, की पार्कर थांबला की यंत्र बंद! बाकीच्यांनी काय वाजवलं ते गेलं ते गेलंच.) आणि थेलोनियस मंक १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोच्या एका शाळेत वाजवायला आला, तेव्हा तिथल्या साफसफाईवाल्याने अट घातली होती, की मी पियानो सुरात लावून देतो, मला टेप करू द्या. ती टेप रीतसर रेकॉर्ड होऊन २०२० साली बाहेर आली. एवढं सुंदर पियानो लावणाऱ्याचं नाव मात्र तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही.

टेपांची देवाणघेवाण करणाऱ्यांचाही एक जुना नियम होता: विकायचं नाही, आणि अधिकृत आवृत्ती निघाली की आपली काढून टाकायची. मी पहिला भाग पाळला. दुसरा सोयीने विसरलो.

असो. शनिवारी क्रॉयडनचे पैसे भरले आणि फोल्डर उडवला. सीड्या ठेवल्या आहेत, त्यावर त्या इंग्रजाचं अक्षर आहे. त्याला मेल केली तर उत्तर आलं, की त्याने ती निघाल्याबरोबर घेतली होती, आणि मी पण घेतली असेल असंच त्याला इतकी वर्षं वाटत होतं.

मामाची ती मूळ कॅसेट मी गायकांच्या मुलाला पाठवून दिली होती. रविवारी पुन्हा फोन केला. म्हणाले, त्याच महिन्यात बाबा मामांकडे आणखी एकदा गायले होते, तेव्हा आवाज लागला होता म्हणे, ती सापडते का बघा. माळ्यावर अजून तीन खोकी आहेत. येत्या शनिवारी उतरवतोय.