हृदयरुग्णाचा झोपेतला श्वास बघा

मुकुंदवाडीतल्या घराघरांना कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या घरी कुणाचं ‘हार्टचं पंपिंग कमी’ झालंय, त्यांनी एका रात्री थोडं जागून त्या माणसाचा श्वास बघावा. पायांची सूज, मीठ, गोळ्या यांवर आपलं लक्ष असतं. झोपेत काय होतं, ते डॉक्टरांना दिसत नाही आणि रुग्णाला ठाऊक नसतं. शेजारी झोपणाऱ्याला ते ऐकू येतं. पण “दमलेत, घोरू द्या” म्हणून तो कूस बदलतो.

घोरणं मध्येच बंद पडतं, छाती-पोट मात्र धडपडत राहतं आणि मग घुसमटून मोठा श्वास येतो, तेव्हा अडथळा घशात असतो. दुसऱ्या प्रकारात श्वास मोठा मोठा होत जातो, पुन्हा लहान होत होत थांबतो आणि तेवढा वेळ छातीही हलत नाही. मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही. कमजोर हृदयाच्या माणसात हे बरेचदा दिसतं. जॉन चेन या डॉक्टरांनी १८१८ सालीच असा श्वास नोंदवला होता. काहींना दोन्ही त्रास असतात.

पातळ पांघरूण घालून, छाती-पोट दिसेल असा पाच मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर काढा. घाटी रुग्णालयात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना तो दाखवा आणि ‘स्लीप स्टडी’बद्दल विचारा. छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून केलेल्या या तपासणीत प्रकार नक्की होतो.

त्याआधी झोपेत लावायचं श्वासाचं मशीन घेऊ नका, कुणाचं जुनं तर नकोच. घशाच्या अडथळ्यात सीपॅप या हवेचा दाब देणाऱ्या मशीनने झोप सुधारते, दिवसाची पेंग कमी होते, रक्तदाबालाही थोडा आराम पडतो. दुसऱ्या प्रकारात आधी हृदयाचे उपचार नीट बसवावे लागतात. अशा १,३२५ रुग्णांवर एएसव्ही नावाचं मशीन तपासलं गेलं. सगळ्यांचं पंपिंग ४५ टक्के किंवा त्याहून कमी होतं. २०१५ साली निकाल आला तेव्हा मशीन लावलेल्यांत हृदयविकाराने झालेले मृत्यू जास्त निघाले. नंतरच्या एका चाचणीत तसा धोका दिसला नाही, पण आयुष्य वाढल्याचंही दिसलं नाही. म्हणून दुकानदाराच्या सल्ल्यावर जाऊ नका.

दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी बंद करा. हृदयाच्या गोळ्या मात्र मशीन आलं तरी चालूच ठेवा. रात्री दम लागून उठलेला माणूस बसवूनही सावरत नसेल, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.