एक्कावन्नाव्या मूर्तीवर हक्क कोणाचा?

मा. सचिव,
उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभाग, भारत सरकार, यांस



माझं पुण्यात थ्रीडी प्रिंटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. शिवराय, बाप्पा, गाडीत ठेवायचे मारुती, दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे अशा मूर्ती आम्ही रेझिनमध्ये छापतो, रंगवतो आणि विकतो. त्यांतली बहुतेक मॉडेलं आमची नसतात. कोणी तरुण शिल्पकार संगणकावर ब्लेंडर किंवा झीब्रश या सॉफ्टवेअरमध्ये ती घडवतो आणि फाइल विकतो. मूर्ती विकायची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, हा आमचा नियम आहे. पण त्या परवानगीत काय काय लिहिलेलं असावं आणि ती दिल्याने देणाऱ्याच्या हक्काचं काय होतं, याचं सरळ उत्तर कायद्यातून मिळत नाही. कॉपीराइट आणि डिझाइन हे दोन्ही कायदे आपल्या विभागाच्या अखत्यारीत आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला.

कॉपीराइट कायदा, १९५७ शिल्पाला कलाकृती मानतो आणि शिल्पकाराच्या हयातीनंतरही साठ वर्षं त्यावरचा हक्क राखतो. गोंधळ कलम १५ मध्ये आहे. एखादं डिझाइन नोंदता येण्याजोगं असूनही नोंदलेलं नसेल आणि ते उतरवलेली वस्तू औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त वेळा तयार झाली, तर त्यावरचा कॉपीराइट संपतो. या प्रती मालकाने स्वतः काढलेल्या असोत की त्याच्या परवान्याने दुसऱ्याने, दोन्ही मोजल्या जातात. याचा अर्थ नीट पाहावा. छापलेली मूर्ती या कलमाखाली आली, तर चोरून काढलेल्या हजार प्रतींनी शिल्पकाराचा हक्क जात नाही, पण रीतसर पैसे भरून माझ्यासारख्याने काढलेल्या एक्कावन्नाव्या प्रतीने जातो. जो जास्त लोकांना प्रामाणिकपणे परवाना देईल, त्याचाच हक्क आधी संपेल. हे कलम लिहिलं गेलं तेव्हा घरातल्या टेबलावरचं मशीन एका आठवड्यात पन्नास मूर्ती काढील, हे कोणाच्या डोळ्यांसमोर असणं शक्य नव्हतं.

आधी डिझाइन नोंदवा, असं सुचवलं जातं. पण डिझाइन कायदा, २००० खाली दहा आणि वाढवून पाच, अशी पंधराच वर्षं मिळतात. शिवाय नोंदणीच्या अर्जाआधी डिझाइन लोकांसमोर आलेलं चालत नाही, आणि ही मुलं तर घडत असलेल्या मूर्तीचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकूनच गिऱ्हाईक जोडतात. त्यातही डिझाइनच्या व्याख्येतून कलाकृती वगळलेली आहे. मग वीतभर उंचीचा मावळा कलाकृती, की शोभेच्या वस्तूचं डिझाइन? एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली: ती निखळ कलाकृती आहे की औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर उतरवलेलं डिझाइन, हे आधी पाहायचं, आणि गरज पडली तर वस्तूचा मुख्य हेतू उपयोगाचा की सौंदर्याचा, हे तपासायचं. तो वाद एलएनजी ट्रेलरच्या आराखड्यांचा होता. मूर्तिकाराला त्यातून धीर येतो, खात्री मिळत नाही. प्रत्येक प्रकरण वेगळं तपासायचं म्हणजे फाइलमागे काहीशे रुपये मिळवणाऱ्याने वकील लावायचा.

आता परवान्यांकडे येतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० नुसार परवाना लेखी हवा. सहीची अट २०१२ च्या दुरुस्तीत गेली, ते चांगलंच झालं. पण बाजारात चालतो तो महिन्याच्या वर्गणीचा परवाना: वर्गणी चालू आहे तोवर विका, बंद झाली की थांबा. दिवाळी सरली आणि वर्गणीही संपली, तर कपाटात उरलेल्या रंगवलेल्या मावळ्यांचं काय करायचं? ते परवानगीतच छापले होते. बऱ्याच परवान्यांत याबद्दल एक ओळही नसते. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाने गणपतीसाठी मूर्ती मागवली, तर ती पाठवणं परवान्याबाहेर जाऊ शकतं. छापील मूर्तीवरून रबरी साचा काढून प्लास्टरच्या मूर्ती ओतल्या तर? माझ्या मते ती वेगळी परवानगी आहे आणि तिचे वेगळे पैसे शिल्पकाराला मिळायला हवेत. साच्यातून निघणाऱ्या मूर्तींची मोजदाद त्याला कधीच करता येत नाही.

जॉबवर्कचा प्रश्न याहून अवघड आहे. गिऱ्हाईक स्वतःच्या घरासाठी ‘व्यापारी वापर नाही’ अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची फाइल आणतं आणि आम्ही छपाईचे पैसे घेतो. हा व्यापारी वापर कोणाचा? अमेरिकेत ग्रेट माइंड्स विरुद्ध फेडएक्स या खटल्यात अपील न्यायालयाने २०१८ मध्ये शाळांसाठी पैसे घेऊन प्रती काढणाऱ्या दुकानाला दोषी धरलं नाही, कारण वापर शाळांचा होता. मला हा विचार न्याय्य वाटतो. मात्र तीच फाइल दुकानाने आपल्या फळीवर मांडून विकली, तर ती चोरीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सार्वजनिक चौकातल्या पुतळ्याचं स्कॅन करून छोट्या प्रतिकृती विकणाऱ्यांनाही हे स्पष्ट सांगायला हवं. कलम ५२ मधली सूट अशा पुतळ्याचं चित्र आणि छायाचित्र यांना आहे. त्यात त्रिमितीय प्रतिकृती नाही.

माझी विनंती अशी. हाताने असो वा संगणकावर, घडवलेल्या मूर्तीच्या, परवानगीने केलेल्या छपाईला कलम १५ मधली पन्नासची मोजणी लागू नाही, असा खुलासा करावा. तेवढ्याने भागत नसेल तर दुरुस्ती आणावी. आणि मराठीसह सगळ्या भारतीय भाषांत परवान्याचा एक नमुना द्यावा. त्यात प्रतींची संख्या, मुदत, उरलेला माल, परदेशी विक्री, साचा आणि मूर्तीसोबत शिल्पकाराचं नाव, याला प्रत्येकी एक ओळ असावी. तो सक्तीचा करू नये. विभागाच्या संकेतस्थळावर असला, तरी शिल्पकार आणि आम्ही तोच वापरू. मसुदा सूचनांसाठी खुला केलात, तर आमच्याकडचे सगळे परवाने नावं झाकून पाठवायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
एक थ्रीडी प्रिंटिंग व्यावसायिक, पुणे