वेगाचा हव्यास आणि व्होल्टांची मर्यादा

गेल्या मे महिन्यातील एका भर दुपारी आमचा एक विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. भोपाळातील मे महिन्याची दुपार ज्यांनी अनुभवली आहे त्यांस सांगावयास नको की, तशा उन्हात पंधरा वर्षांचा मुलगा शिक्षकाच्या घरी येतो तो अडचण मोठी असल्यावाचून नव्हे. त्याचा संगणक चालता चालता बंद पडू लागला होता. वडिलांनी दोन वर्षे पैसे साठवून घेऊन दिलेला संगणक. घरात ही वार्ता अद्याप कोणास नव्हती. दोन पेले पाणी पिऊन झाल्यावर त्याने कबूल केले की, जानेवारीत त्याने प्रोसेसरचा वेग ४.५ गिगाहर्ट्‌झवरून ५ वर नेला होता, आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२० वरून १.३५ व्होल्टवर चढविले होते. "सर, चार महिने उत्तम चालत होता. त्यानंतर मी काहीच बदललं नाही. आता १.४० करून पाहू का?"

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. कोकणी घरात वाढलो. लहानपणी आमच्या हाती लागलेले पहिले यंत्र म्हणजे घासलेटचा कंदील. वात चढविली की घटकाभर उजेड वाढतो, मग काच काळी होते आणि एखादे वेळी तडकते, एवढे शास्त्र आम्हांस आजीने शिकविले होते. त्या बळावर मुलास उत्तर देणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही त्याला घेऊन पिपलानीस एका वयोवृद्ध पालकांकडे गेलो. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्समुळे, म्हणजे आजच्या भेलमुळे, आपल्यापैकी कितीतरी मराठी कुटुंबे ह्या शहरात स्थिरावली. हे गृहस्थ त्यांपैकीच; त्यांची सारी नोकरी ट्रान्सफॉर्मर बांधण्यात गेली.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो संगणकाविषयी नव्हताच. "जानेवारीत तुझी खोली किती गार होती, आणि आज किती तापली आहे?" मुलगा चपापला. तो काहीच बदलला नव्हता हे खरे. परंतु ऋतू बदलला होता. प्रोसेसरवरील पंखा थंडी निर्माण करीत नाही, आतील उष्णता केवळ खोलीतील हवेत टाकतो. हवाच पंचवीस अंशांनी तापली तर प्रोसेसरही जवळजवळ तेवढाच अधिक तापणार. हिवाळ्यातील रात्री घेतलेली परीक्षा उन्हाळ्यातील दुपारी बाद ठरते, ती अशी.

मग त्यांनी कागदावर एक हिशेब मांडला, तो आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावा. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आमच्या मुलाने वेग वाढविला नवव्या हिश्शाने, म्हणजे अकरा टक्के. १.३५ ला १.२० ने भागून त्याचा वर्ग करा, त्यास ह्या वाढीव वेगाने गुणा. उत्तर येते १.४१. अकरा टक्के वेगासाठी एक्केचाळीस टक्के अधिक वीज, आणि ती सगळी अखेर उष्णताच!

उष्णतेचे तरी मोजमाप पडद्यावर दिसते. आतील झीज दिसत नाही. प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टरमध्ये विद्युत्‌रोधक थर अवघे काही नॅनोमीटर जाडीचा असतो. अधिक दाबाखाली तो हळूहळू दुबळा होत जाऊन एके दिवशी फुटतो. तसेच, सूक्ष्म तारांतून दाट प्रवाह वाहू लागला की धातूचे अणूच प्रवाहाबरोबर सरकू लागतात, आणि तार एके ठिकाणी झिजते. त्यास इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात; तापमान वाढले की ही झीज फार वेगाने वाढते. ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरील कागदी वेष्टनाचीही हीच कथा आहे, असे ते वृद्ध गृहस्थ म्हणाले. ठरलेल्या तापमानावर साधारण सहा अंश चढले की त्या कागदाचे आयुष्य निम्मे होते, असा त्यांच्या धंद्यातील ठोकताळा. झिजलेला प्रोसेसर पूर्वीच्याच वेगासाठी अधिक व्होल्टेज मागू लागतो. ते दिले की झीज आणखी वाढते. सावकाराचे व्याज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून पुन्हा कर्ज काढावे, तसा हा प्रकार. आमचा मुलगा १.४० चा कागद करावयास निघाला होता.

मग सुरक्षित आकडा कोणता? मुले हाच प्रश्न विचारतात, आणि त्यांना कोणीतरी एक आकडा सांगतोही. आमच्या मते खरा घात तेथेच होतो. १९८१ सालच्या आयबीएमच्या घरगुती संगणकातील प्रोसेसर ५ व्होल्टवर सुखाने चालत असे. आजच्या प्रोसेसरला ते दिले तर तो तत्क्षणी निकामी होईल. ट्रान्झिस्टर जसजसा लहान होत गेला तसतशी त्याची सोसण्याची शक्ती घटत गेली. २००२ च्या सुमारास नॉर्थवुड जातीचे पेंटियम ४ आले. दीड व्होल्टच्या ह्या प्रोसेसरला हौशी लोकांनी १.७ च्या वर नेले, आणि ते काही आठवड्यांत वा महिन्यांत अकस्मात मरू लागले. २०१७ साली एएमडीने आपल्या पहिल्या रायझनसाठी १.३५ पर्यंतचा दाब सुचविला होता, १.४५ सुद्धा चालेल, परंतु आयुष्य घटेल, असे म्हटले होते. तो आकडा त्या पिढीचा होता. पुढच्या पिढीच्या अधिक बारीक प्रोसेसरला तोच लावणे म्हणजे थोरल्याच्या औषधाची मात्रा धाकट्यास पाजणे होय.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. काम हलके असताना प्रोसेसर स्वतःच क्षणभर १.४ व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब घेताना दिसतो. मुले तो आकडा पाहतात आणि म्हणतात, कारखान्यानेच दिला आहे, मग तोच कायम ठेवण्यात वाईट काय? परंतु तेव्हा एखादाच गाभा जागा असतो, प्रवाह थोडा असतो आणि क्षणात दाब उतरतो. तोच दाब सर्व गाभ्यांना, पूर्ण भाराखाली, तासन्‌तास देणे ही गोष्ट सर्वस्वी निराळी. दाब, प्रवाह, तापमान आणि काळ ह्या चौघांची मर्यादा एकत्र ठरते. त्यांतील एकट्याचा आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कारखानदार तरी चुकत नाहीत काय? चुकतात. २०२३ साली एएमडीचे काही नवे प्रोसेसर प्रत्यक्ष जळाले. तेव्हा त्यांच्या एका भागाचे व्होल्टेज १.३० च्या आत बांधावे लागले. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कितीतरी प्रोसेसर वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज मागून स्वतःच झिजत असल्याचे उघड झाले. त्या ऑगस्टमध्ये कंपनीने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखणारी सुधारणा दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढविली. परंतु जे झिजले ते पूर्ववत होणारे नव्हते. ज्यांनी कधी कशास हात लावला नाही अशांचेही नुकसान झाले. तेव्हा पालकांनी "हात लावू नकोस" एवढेच बजावून स्वस्थ बसणे आम्हांस पटत नाही. मदरबोर्डची नवी सुधारणा भरणे हेही हात लावणेच आहे, आणि ते मुलास यावयास हवे.

किंबहुना ह्या खेळाचे आम्हांस वावडे नाही. १९९८ सालचा ३०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन कित्येकांनी व्होल्टेज न वाढविता किंवा किंचित वाढवून ४५० वर चालविला. त्यात काटकसर होती आणि बुद्धीही. आक्षेप आहे तो व्होल्टेज चढविणे ह्यालाच पराक्रम समजण्यास. किती थोड्या दाबात तेच काम होते हे शोधून काढणे अधिक कठीण, आणि आमच्या मते अधिक कौतुकाचे.

पिपलानीच्या त्या गृहस्थांनी मुलाकडून तेच करविले. वेग पुन्हा ४.५ वर आणला आणि व्होल्टेज शतांशा-शतांशाने उतरवीत नेले. प्रत्येक पायरीस तासभर पूर्ण भार, आणि वहीत तीन रकाने: खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, चूक झाली की नाही. १.१२ ला चूक आली. वर येऊन १.१५ वर तो थांबला. मूळच्यापेक्षा आठ टक्के कमी वीज, आणि वेगात घट नाही. सुदैवाने झीज फारशी झालेली नव्हती.

त्या संध्याकाळी त्याने घरी सर्व सांगितले. वडिलांनी वही मागून घेतली आणि बराच वेळ वाचली, असे तो म्हणाला. ती वही आता शाळेच्या संगणक-खोलीत आहे. त्याने पुढच्या मे महिन्यासाठी तीन पाने कोरी ठेवली आहेत.