त्या पुसट चित्राची बाजू

शाळेच्या सभागृहात उजव्या भिंतीवर एका दीर्घिकेचे छायाचित्र आहे. करड्या काळोखात एक फिकट गोलसर डाग. नजर स्थिरावली की त्यातून निघालेल्या दोन वळणदार भुजा जाणवतात. ते उतरवून तेथे जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेले त्याच दीर्घिकेचे भव्य रंगीत चित्र लावावे, अशी सूचना काही हितचिंतकांनी केली आहे. सूचना प्रेमापोटी आहे, हे मान्य; पण ती स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही दीर्घिका म्हणजे मीन राशीतील एम ७४. पिएर मेशँ यांनी ती १७८० मध्ये शोधली. तिचे अंतर सुमारे ३ कोटी २० लाख प्रकाशवर्षे. तिचा प्रकाश इतका विरळ पसरलेला आहे की शहरी उजेडात लहान दुर्बिणीतूनही ती हाती लागत नाही. वसतिगृहामागच्या परसात, सहा इंची दुर्बिणीने विद्यार्थ्यांनी ती टिपली. आकाश ताशी १५ अंश सरकते. म्हणून दुर्बिणीचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने अचूक लावावा लागतो. पहिल्या रात्री तो किंचित चुकला आणि सगळे तारे लांबट आले. ती रात्र वाया गेली. पुढे डिसेंबरच्या चार रात्री, तीन-तीन मिनिटांची १६० छायाचित्रे मिळाली. सुट्या छायाचित्रात जवळजवळ काहीच दिसत नाही. ती एकावर एक रचून सरासरी काढली की प्रकाश टिकतो आणि कॅमेऱ्याचे यादृच्छिक ठिपके विरतात. यातला हिशेब मात्र कठोर आहे: स्पष्टता दुप्पट हवी असेल, तर वेळ चौपट द्यावा लागतो. दोन तासांवर समाधान न मानता मुले आठ तासांपर्यंत गेली ती याच कारणाने.

आम्हांस सर्वाधिक भावला तो भाग वेगळाच. दुर्बिणीवर झाकण लावूनही काही छायाचित्रे घ्यावी लागतात. त्यांत आकाश नसते. असतात ते केवळ कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष. ते मूळ चित्रातून वजा करायचे. इतिहासाच्या वर्गात साधनांची चिकित्सा शिकवताना आम्ही तासन्‌तास बोलतो. येथे ती एका झाकणाने समजली.

मध्यंतरी एका उत्साही सहकाऱ्याने मोबाइलमधील ॲपने ते चित्र ‘सुधारून’ आणले. भुजा ठसठशीत झाल्या, सर्वांनी कौतुकही केले. नववीतील एका मुलीने दोन्ही चित्रे शेजारी ठेवली आणि मुळात नसलेले तीन तारे बोटाने दाखवले. सुधारित चित्र त्याच दिवशी बाजूला ठेवले गेले. पुराव्यात भर घालणे म्हणजे बनावट दस्तऐवज तयार करणे. हेतू चांगला असला तरी.

१८८८ मध्ये इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स या हौशी निरीक्षकाने देवयानी तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. नवी सूर्यमाला जन्मत आहे, असा अर्थ त्यांनी त्यातून काढला. तो चुकला. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, याचा पुरावा हबल यांना १९२३ मध्ये माउंट विल्सन येथे एका रूपविकारी ताऱ्यात मिळाला. पण रॉबर्ट्स यांच्या काचेवर उमटलेले सर्पिल खरेच होते. अन्वयार्थ बदलता येतो, तो अशा नोंदी शिल्लक राहतात म्हणून.

वेब दुर्बिणीचे चित्र विज्ञानकक्षात अवश्य लावावे. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला त्यात रंग दिलेले आहेत, हेही खाली लिहावे. सभागृहातील चित्राखाली दिनांक, दुर्बीण आणि वेळ यांची पट्टी लावायची आहे. चौथ्या रात्रीच्या नोंदींची वही मात्र सापडत नाही. त्या तुकडीतील कोणाच्या घरी ती असेल, तर कृपया शाळेत आणून द्यावी.