सगळ्या जोडांना एकच ट्यूब?

परवा पिरंगुटजवळच्या एका गॅरेजात डेंटिंगचं काम बघत उभा होतो. दाराचा नवा बाहेरचा पत्रा बसवायचा होता आणि पठ्ठ्याच्या हातात काच चिकटवायची काळी ट्यूब! ‘साहेब, पुढची काच राहते, मग पत्रा का नाही राहणार?’ राहील की, पण हलत राहील. काचेचं पॉलियुरेथेन मुळात लवचीक. पत्रा पत्र्याला जखडायला दोन भागांचं इपॉक्सीच हवं. त्यात आपल्या मुळशीचा पाऊस. ते पॉलियुरेथेन हवेतला ओलावा घेऊनच वाळतं, त्यामुळे ताम्हिणीच्या आषाढात त्याची चंगळ. इपॉक्सीला मात्र पत्र्यावर साधा दमटपणाही खपत नाही. जोडाच्या जागेचा रंग खरवडायचा, पत्रा पुसून कोरडा करायचा, क्लॅम्प लावायचे आणि थांबायचं. थांबणं कुणालाच जमत नाही, कारण संध्याकाळी मालक किल्ली मागायला हजर! ‘गोंदावर गाडी चालते होय?’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी १९९६ची लोटस एलिस आठवावी. तिची अ‍ॅल्युमिनियमची चासी इपॉक्सीनेच जोडलेली आहे. हा जोड ओढाताण झकास सोसतो, पण कडेपासून सोलायला लागला की हरतो. म्हणून कुठे रिव्हेट, कुठे स्पॉट वेल्डिंग आणि कुठे नुसतं इपॉक्सी, हे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेनेच ठरवावं, मिस्त्रीच्या अंदाजाने नव्हे. आणि इपॉक्सी म्हणून घरचं एमसील काढू नका; ते टाकीच्या गळतीला उत्तम, दाराला नाही. तेव्हा वाचकहो, बिलावर नुसतं ‘केमिकल’ लिहिलेलं दिसलं, तर पैसे देण्याआधी ट्यूब दाखवायला सांगा.