यकृतरोपणापूर्वी हृदयाची झडती

यकृत निकामी झालेल्या रोग्याचे हृदय वरकरणी ठणठणीत भासते, हीच या व्याधीची खरी मेख आहे. सिरॉसिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि हृदयाला फारशा विरोधाविना रक्त ढकलता येते. उतारावर चालणाऱ्या बैलाची ताकद कळू नये, तशी या हृदयाची दुर्बलता झाकली जाते. चढ लागतो तो शस्त्रक्रियेत. नव्या यकृतात रक्तप्रवाह सुरू होताच थंड, पोटॅशियमयुक्त रक्त एकदम हृदयाकडे धावते. नेमक्या त्या क्षणी ते कच खाऊ शकते.

डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेत मानवातील पहिले यकृतरोपण केले, त्यानंतर तंत्र सुधारले. पण रोगीही बदलला. मधुमेह व स्थूलता यांमुळे यकृतात मेद साठून ते निकामी झालेले रोगी आता वाढत आहेत, आणि तीच कारणे हृदयाच्या धमन्याही अरुंद करतात. फुफ्फुसधमनीतील सरासरी दाब पाऱ्याच्या ५० मिलिमीटरवर असेल, तर रोपणाचा विचार सहसा सोडावाच लागतो.

म्हणून सरसकट प्रत्येकाची अँजिओग्राफी करावी काय? तसे मुळीच नाही. या रोग्यांत रक्तस्रावाचा धोका असतो, आणि त्यातील रंगद्रव्य आधीच थकलेल्या मूत्रपिंडांना बाधते. (शिवाय तपासण्यांची बाजारपेठ आपसूक फोफावते, ती वेगळीच!) अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१२ च्या निवेदनात साठीपुढील वय, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब अशा घटकांपैकी तीन वा अधिक असल्यास हृदयावर ताण देऊन केलेल्या चाचणीचा विचार सुचविला आहे. मात्र बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रोग्याच्या नाडीचा वेग पुरेसा वाढत नाही. अशा चाचणीच्या निर्वाळ्यावर विसंबणे धोक्याचे. साध्या एकोकार्डिओग्राफीतून मात्र कोणालाही सूट नसावी.

भारतात हा प्रश्न अधिक बिकट आहे. १९९४ च्या अवयवरोपण कायद्यानंतरही येथील यकृतरोपणे बहुतांशी जिवंत दात्यांवर अवलंबून आहेत. पत्नी, भाऊ किंवा मुलगा आपल्या निरोगी यकृताचा तुकडा देतो. रोग्याचे हृदय टेबलावर थांबले, तर तो तुकडा परत मिळत नाही. तेव्हा दात्याचा शोध, कर्जाचा अर्ज, शेताचा सौदा यांच्या आधी रोग्याच्या हृदयाचा अहवाल कुटुंबाच्या हाती पडला पाहिजे, आणि धर्मादाय मदतीतही या पहिल्या तपासणीचा खर्च धरला पाहिजे.